के, डब्ल्यू, एच, एम, पी: हवी ती अक्षरं असलेले लांब इंग्रजी शब्द कसे सापडतात

प्रश्न असा आहे: एका शब्दखेळासाठी के, डब्ल्यू, एच, एम आणि पी ही पाचही अक्षरं असलेले लांबातले लांब इंग्रजी शब्द हवेत. दोन-तीन शब्द जोडून होणारे वाक्प्रचारही चालतील. क्रम कसाही चालेल, मधली बाकीची अक्षरं कुठलीही चालतील. विचारणाऱ्याने डोकं खाजवून 'होमवर्क'पर्यंत मजल मारली. त्यात पाचातली चार अक्षरं बसली, पण पी काही केल्या येईना. आता शब्दकोश पहिल्या पानापासून चाळायचा की कॉम्प्युटरला जुंपायचं?

आधी उत्तर देऊन टाकतो. रोजच्या वापरातला एकच शब्द हवा असेल तर 'वर्कमनशिप', 11 अक्षरं. वाक्प्रचार हवा असेल तर 'मेक पीस विथ' 13 अक्षरांचा आणि 'कीप कंपनी विथ' 15 अक्षरांचा. 'मोबाइल फोन नेटवर्क' चालणार असेल तर तो 18 अक्षरांवर जातो. स्पेलिंग कागदावर लिहून एकेक अक्षर खोडून बघा, पाचही सापडतील. अर्थात ही यादी मिळून तुमचं आजचं काम भागेल, उद्या दुसरी पाच अक्षरं समोर येतील. म्हणून ती कशी सापडली ते सविस्तर लिहितो. वीसेक वर्षं इंग्रजी शब्दकोडी रचतो आहे, आणि या कामात माझा वेळ कुठे वाया गेला हे मला चांगलं आठवतं.

पहिली गोष्ट, 'ही अक्षरं असलेला शब्द' या चार शब्दांत निदान पाच वेगवेगळे प्रश्न दडलेले असतात. अक्षरं कुठेही, कशीही असली तरी चालतील, हा झाला तुमचा प्रश्न. ती दिलेल्या क्रमानेच यायला हवीत, पण मध्ये इतर अक्षरं चालतील, हा दुसरा. गाडीच्या नंबरप्लेटवरची अक्षरं घेऊन खेळतात तो खेळ या जातीचा: के, जी, एल आले की 'नॉलेजेबल' म्हणायचं, 13 अक्षरं. तिसऱ्या प्रकारात ती सलग, चिकटूनच हवी असतात. चौथ्यात फक्त तीच अक्षरं वापरायची, दुसरं एकही नाही. न्यूयॉर्क टाइम्सचा 'स्पेलिंग बी' हा सात अक्षरांचा खेळ असाच आहे. पाचव्यात अमुक अक्षर अजिबात नको असतं. या पाचांची उत्तरं वेगळी आणि शोधायची रीतही वेगळी. मला कोणी प्रश्न विचारला की मी आधी यातला कोणता ते विचारून घेतो, कारण एकदा अख्खी दुपार सलग अक्षरांचे शब्द शोधण्यात घालवल्यावर समोरच्याने 'कुठेही असली तरी चालतील की' असं सहज सांगितलं होतं.

आणखी एक पोटप्रश्न लोक विसरतात. दोन पी दिले असतील तर शब्दातही दोन पी हवेत की एक पुरे? 'व्हिपरस्नॅपर' या 14 अक्षरांच्या शब्दात चार पी आहेत, 'वर्कमनशिप'मध्ये एकच. हे आधी ठरलं नाही तर पुढे यंत्रही चुकीचं उत्तर देतं. कसं, ते पुढे सांगतो.

आता खरं काम. पाच अक्षरं समोर आली की मी ती कागदावर गोलात लिहितो, ओळीत नाही. ओळीत लिहिली की मेंदू त्याच क्रमाला चिकटतो. मग त्यातलं सर्वांत महाग अक्षर कोणतं ते बघतो. महाग म्हणजे दुर्मीळ. पाठ करायला सोपी मोजपट्टी म्हणजे स्क्रॅबल या पटावरच्या शब्दखेळातले अक्षरांचे गुण: क्यू आणि झेड 10, जे आणि एक्स 8, के 5, मग एच, डब्ल्यू, एफ, व्ही, वाय 4. माणसाने शोध नेहमी महाग अक्षरापासून सुरू करावा. पी असलेले शब्द आठवू लागलात तर दिवस संपेल आणि शब्द संपणार नाहीत. के आणि डब्ल्यू एकत्र असलेले शब्द मात्र बोटांवर मोजता येतील इतपत घराण्यांतून येतात.

'घराणी' हा शब्द मुद्दाम वापरला. लांब इंग्रजी शब्द साधारण दोन रस्त्यांनी लांब होतात. एक लॅटिन-ग्रीकचा रस्ता: मूळ धातूला मागे-पुढे उपसर्ग-प्रत्ययांचे डबे जोडत जायचे. दुसरा जुन्या जर्मॅनिक इंग्रजीचा: दोन छोटे देशी शब्द एकमेकांना चिकटवायचे. डब्ल्यू हे अक्षर लॅटिन-ग्रीक घराण्यात जवळजवळ येतच नाही. म्हणून डब्ल्यू दिसला, त्यातून सोबत के दिसला, की '-आयझेशन', 'इलेक्ट्रो-', '-ऑलॉजी' हे सगळे रस्ते बंद समजायचे आणि थेट जोडशब्दांकडे वळायचं: वर्क, वॉक, वीक, नो (के-एन-ओ-डब्ल्यू), विक्ड, ऑकवर्ड. 'वर्क' घेतला की डब्ल्यू आणि के दोन्ही खिशात. उरले एच, एम, पी. इथे प्रत्यय आठवायचे. '-शिप' हा प्रत्यय एच आणि पी एका फटक्यात देतो. उरला एम, आणि '-मनशिप' ही जोडी इंग्रजीत ठरलेलीच आहे: क्राफ्ट्समनशिप, स्टेट्समनशिप, शोमनशिप. झालं, वर्क अधिक मन अधिक शिप. यात कुठे कॉम्प्युटर आला?

प्रत्येक महाग अक्षराची अशी घराणी एकदा मनात बसवली की निम्मं काम होतं. झेड आला की '-आइज' आणि '-आयझेशन'. जे आला की 'जेक्ट' (ऑब्जेक्टिफिकेशन, 15 अक्षरं, आणि त्यात बी, एफ, सीसुद्धा फुकटात), 'जस्ट', 'ज्युरिस', 'जंक्ट'. क्यू आला की 'क्वाली', 'क्वांटि', 'इक्वि'. 'डिसक्वालिफिकेशन' 16 अक्षरांचा आहे. एक्स आला की 'एक्स-', 'ऑक्सि', 'हेक्सा', 'मॅक्सि'. एफ आला की '-फुल', '-फिकेशन', 'फोर-'. बी आला की '-एबल' आणि '-बिलिटी'. व्ही आला की '-इव्ह', '-इव्हिटी', 'ओव्हर-'. वाय तर '-ली' आणि '-इटी'मुळे बहुतेक वेळा शेवटी आपोआप येऊन बसतो, त्याची काळजीच करू नका.

दोन महाग अक्षरं एकत्र आली की मात्र घराण्यांची भांडणं सुरू होतात. जे आणि एक्स: 'जक्स्टापोझिशन', 13 अक्षरं, आणि त्यानंतर आठवावं लागतं. जे आणि क्यू: 'जॉन्क्विल' हे फुलाचं नाव, आणि मग शांतता. क्यू आणि एक्स: एक्सक्विझिट, क्विक्झॉटिक, एक्सचेकर, इक्विनॉक्स. जे आणि झेड: 'जेपर्डायझिंग', 12 अक्षरं. पण हा अमेरिकन किंवा ऑक्सफर्ड वळणाचा. झेडऐवजी एसने लिहिणाऱ्या ब्रिटिश यादीत हा शब्द तुम्हाला सापडणारच नाही. झेडचा शोध घेताना आपली यादी कोणत्या वळणाची आहे हे आधी तपासा. मी एकदा तसं न करता 'असा शब्दच नाही' असं ठामपणे सांगून मोकळा झालो होतो. जे, क्यू, एक्स, झेड चारही एका सामान्य शब्दात मागणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणायचं. ती चार अक्षरं वाक्यातच एकत्र भेटतात. टाइपरायटर तपासायला वापरायचं ते कोल्हा-कुत्र्याचं प्रसिद्ध वाक्य 35 अक्षरांत सगळी 26 अक्षरं बसवतं, आणि 'स्फिंक्स ऑफ ब्लॅक क्वार्ट्झ, जज माय व्हाव' हे 29 अक्षरांत.

इथे मराठी माणसाच्या एका खास अडचणीबद्दल बोललं पाहिजे. आपण कानाने वाचणारी माणसं. देवनागरीत जे ऐकू येतं ते लिहिलेलं असतं, त्यामुळे इंग्रजी शब्द आठवतानाही आपण आवाज आठवतो, स्पेलिंग नाही. या शोधात कान दगा देतो. 'नॉलेज'च्या सुरुवातीला के आहे आणि मध्ये डब्ल्यू आहे, पण कानाला दोन्ही सापडत नाहीत. 'मंकी रेंच'मधला रेंच डब्ल्यूने सुरू होतो. म्हणजे या जोडीत के, डब्ल्यू, एच, एम चारही आहेत, आणि तुमच्या 'होमवर्क'सारखाच इथेही फक्त पी राहिला. सर्वांत मोठा दगा 'फ'चा. 'फोन', 'ग्राफ', 'फेज' ऐकलं की मनात एफ उमटतो, पण कागदावर असतात पी आणि एच. म्हणजे तुमची पाचातली दोन अक्षरं! हे लक्षात आलं की 'फोन' हा शब्द हातात येतो. मग के-डब्ल्यूसाठी 'नेटवर्क' आणि एमसाठी 'मोबाइल'. 18 अक्षरांचा तो शब्दसमूह मला यादीत सापडला नाही, असाच सापडला. म्हणून अक्षरांचा गोल लिहिताना त्याच्या बाजूला जोड्याही लिहा: पीएच, सीएच, एसएच, टीएच, जीएच, सीके, केएन, डब्ल्यूआर, डब्ल्यूएच, क्यूयू. दोन अक्षरं एका ठिकाणी मिळत असतील तर तिथून सुरुवात करा.

सलग अक्षरांच्या प्रश्नाला वेगळी नजर लागते. विचित्र दिसणारा सलग तुकडा, उदाहरणार्थ टी-सी-एच-पी-एच-आर, एका मूळ शब्दात शोधू नका. तो जवळजवळ नेहमी सांध्यावर असतो, जिथे दोन शब्द जोडले गेले त्या शिवणीवर. 'कॅच' संपला आणि 'फ्रेज' सुरू झाला: कॅचफ्रेज. सहा व्यंजनं एका रांगेत. 'वॉचस्ट्रॅप'मध्येही तसंच. 'टेक्स्टबुक'मध्ये एक्स-टी-बी, 'बॅकग्राउंड'मध्ये सी-के-जी-आर, 'विथहोल्ड' आणि 'हिचहायकर'मध्ये दोन एच शेजारी, 'ग्लोवर्म'मध्ये दोन डब्ल्यू. तुकड्याला मधोमध कुठे चीर पाडता येईल ते बघा: डावीकडचा भाग शब्दाचा शेवट म्हणून शोभतो का, उजवीकडचा सुरुवात म्हणून शोभतो का. शोभले, की दोन्ही बाजूंचे शब्द वेगवेगळे आठवायचे. काही सलग तुकडे वेगळीच गंमत करतात. वर्णमालेतले आर-एस-टी-यू सलग हवेत? 'अंडरस्टडी'. जी-एच-आय? 'लाफिंग'. एक्स-वाय-झेड? 'हायड्रॉक्सिझीन' या औषधाच्या नावात.

फक्त अमुकच अक्षरं, किंवा अमुक अक्षर नको, हे प्रकार माणसाला जड आणि यंत्राला सोपे आहेत, म्हणून तिथे डोकं फार शिणवू नये. एवढंच सांगतो की ई टाळायचा असेल तर '-फिकेशन'वाले शब्द मदतीला येतात. 29 अक्षरांचा 'फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन' ई शिवाय उभा आहे आणि त्यात आय नऊ वेळा येतो. उलट स्वरांमध्ये फक्त ई हवा असेल तर '-लेसनेस' धरा: 'स्ट्रेंग्थलेसनेस', 16 अक्षरं. अक्षराची पुनरुक्ती नको असेल तर 15 अक्षरांचे 'अनकॉपीराइटेबल' आणि 'डर्मॅटोग्लिफिक्स' हे दोन पठ्ठे पाठ असू द्या.

आता यंत्राकडे. यंत्र कोणतं वापरता याने फारसा फरक पडत नाही, यादी कोणती वापरता याने पडतो. लोक नेमकं उलटं करतात: प्रोग्रॅम कोणत्या भाषेत लिहू यावर दोन दिवस आणि यादी जी पहिली हाती येईल ती. युनिक्स पद्धतीच्या कॉम्प्युटरवर एक शब्दयादी बहुधा आधीपासूनच असते. मॅकवर असते ती वेब्स्टरच्या 1934 सालच्या दुसऱ्या आवृत्तीवरून आलेली, सुमारे 2 लाख 35 हजार शब्दांची. भरगच्च आहे, पण तिच्यात आजोबांच्या काळातले शब्द खच्चून आणि अनेकवचनं-क्रियारूपं फारशी नाहीत. लिनक्सच्या काही यादींत उलट प्रत्येक नामाला ॲपॉस्ट्रफी आणि एस लावलेली रूपं असतात. लांबी मोजताना ती दोन चिन्हं धरली जातात आणि सर्वांत लांब शब्दांच्या यादीत भलतेच पाहुणे वर येऊन बसतात. 'एनेबल' ही सार्वजनिक मालकीची यादी सुमारे 1 लाख 72 हजार शब्दांची. खेळांसाठी मला ती बरी वाटते. तिच्यातला सर्वांत लांब शब्द 28 अक्षरांचा, एका रसायनाच्या नावाचं अनेकवचन. स्क्रॅबल स्पर्धांच्या यादींत 15 अक्षरांपुढे काही नसतं, कारण पटाच्या एका रांगेत घरंच 15 आहेत. म्हणजे 'लांब' शब्द शोधायला ती यादी घेतलीत तर पहिल्याच पावलाला छत डोक्याला लागतं.

यादी आली की ती धुऊन घ्यायची. सगळं लहान लिपीत, हायफन, ॲपॉस्ट्रफी, मधल्या जागा काढलेल्या, 'कॅफे'च्या ईवरचं चिन्ह उडवलेलं. मूळ रूप मात्र शेजारच्या रकान्यात जपून ठेवा, नाही तर शेवटी कोणता वाक्प्रचार होता ते ओळखू येत नाही. आणि विंडोजवरून आणलेली फाइल असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह चिकटलेलं असतं, ते आधी काढा. या एका चिन्हाने माझा आठवडा खाल्ला आहे. सगळ्या शब्दांची लांबी एकाने जास्त येत होती आणि 'पीने संपणारे शब्द' मागितले की उत्तर शून्य. मी दोष शोधत होतो प्रोग्रॅममध्ये.

पुढचं सरळ आहे. 'ग्रेप' नावाची युनिक्सची जुनी आज्ञा आहे, केन थॉम्प्सनने 1973च्या सुमारास दिलेली. दिलेला नमुना ज्या ओळींत असेल त्या ओळी ती गाळून काढते. पाच ग्रेप एकापुढे एक लावा: पहिला के असलेल्या ओळी पुढे पाठवेल, दुसरा त्यातल्या डब्ल्यूवाल्या, असं करत शेवटी पाचही असलेल्याच उरतील. मग लांबीनुसार लावा. पावणेदोन लाख शब्दांना हे काम म्हणजे पापणी लवण्याइतकं, त्यामुळे महाग अक्षर आधी की नंतर याची चिंता इथे करू नका. ती माणसासाठी होती. एका ओळीत पाचही अटी घालणारे गुंतागुंतीचे नमुनेही लिहिता येतात, पण महिन्याने आपलंच लिहिलेलं आपल्याला वाचता येत नाही. पाच साधे ग्रेप बरे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठी एक सुंदर युक्ती आहे. 26 अक्षरांसाठी 26 दिव्यांची पाटी कल्पा. शब्दात जे अक्षर आहे त्याचा दिवा लावायचा. ही पाटी म्हणजे 32 बिटांच्या एका पूर्णांकात मावणारी संख्या. तुमच्या पाच अक्षरांचीही तशीच पाटी करा आणि दोन्हींवर 'अँड' ही बिटक्रिया चालवा. उत्तर तुमच्या पाटीइतकंच आलं तर शब्द पास. लाखो शब्द तपासायला शब्द पुन्हा वाचावे लागत नाहीत. 'फक्त हीच अक्षरं' हा प्रश्नही याच पाटीने सुटतो, फक्त तुलना उलटी करायची. मात्र मघाशी म्हटलं ते इथे येतं: दिवा एक तर लागलेला असतो किंवा नसतो. दोन पी हवेत हे पाटीला कळत नाही. तिथे मोजणीच करावी लागते. स्प्रेडशीटमध्ये काम करणाऱ्यांनी 'सब्स्टिट्यूट'ने ते अक्षर काढून टाकावं आणि 'लेन'ने आधीची आणि नंतरची लांबी वजा करावी; फरक म्हणजे ते अक्षर किती वेळा आलं तो आकडा. एक्सेलच्या कस्टम फिल्टरमध्ये एका रकान्यावर दोनच अटी घालता येतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एकेक मदतनीस रकाना द्यावा.

ज्यांना यातलं काहीच नको, त्यांनी 'वनलुक' या शब्द शोधायच्या संकेतस्थळावर जावं. तिथे प्रश्नचिन्ह म्हणजे कुठलंही एक अक्षर आणि तारा म्हणजे कितीही अक्षरं. शेवटी वजा चिन्ह देऊन नको असलेली अक्षरं वगळता येतात, अधिक चिन्ह देऊन फक्त दिलेल्या अक्षरांपुरतं बांधता येतं. तिथे वाक्प्रचारही असतात.

आणि आता वाक्प्रचार, जो खरं तर या प्रश्नाचा सर्वांत रसाळ भाग आहे. शब्दाचं गणित आणि वाक्प्रचाराचं गणित वेगळं आहे. छापखान्यातल्या लायनोटाइप यंत्राच्या कळा इंग्रजी मजकुरातल्या वापरानुसार मांडलेल्या असत, आणि डावीकडच्या पहिल्या दोन उभ्या रांगा मिळून 'इटॉइन श्रडलू' असा निरर्थक शब्द व्हायचा. त्यात एच आठवा आहे. पण कन्साइज ऑक्सफर्ड शब्दकोशाच्या नोंदींवर केलेल्या मोजणीत एच थेट पंधरावा, सुमारे 3 टक्के. वाहत्या मजकुरात तो साधारण दुप्पट, 6 टक्क्यांच्या आसपास. डब्ल्यूचंही तसंच, शब्दकोशात मजकुराच्या निम्म्याच्या जवळपास. कारण साधं आहे. मजकुरात 'द', 'दॅट', 'विथ', 'व्हॉट', 'हू', 'व्हेन', 'वॉज' हे पोरसवदा शब्द पुन्हा पुन्हा येतात; शब्दकोशात प्रत्येकाला एकच नोंद.

तर एच आणि डब्ल्यू ही अक्षरं एकट्या शब्दात महाग आणि वाक्प्रचारात स्वस्त. 'विथ' या चार अक्षरांत दोन्ही मिळतात. त्यामुळे तुमच्या पाच अक्षरांसाठी मी वाक्प्रचाराकडे वळलो ते 'विथ' हातात धरूनच. के द्यायला मेक, टेक, कीप ही क्रियापदं तयार. 'मेक' घेतला तर एमही आला, 'कीप' घेतला तर पीही. 'मेक ... विथ' मध्ये फक्त पी असलेलं नाम बसवायचं: पीस. 'कीप ... विथ' मध्ये फक्त एम असलेलं: कंपनी. दोन्ही शब्दकोशात मान्य असलेले खरे वाक्प्रचार. 'मेक व्हूपी' हा जुन्या धाटणीचा, धमाल करणे या अर्थाचा वाक्प्रचारही 11 अक्षरांत पाचही बसवतो. उलट तुमची अक्षरं क्यू, झेड, जे अशी असती तर वाक्प्रचाराने एवढी सूट दिली नसती. ती अक्षरं 'विथ'सारख्या सतत येणाऱ्या छोट्या शब्दांत जवळजवळ नसतातच. तिथे दोन महाग नामं जोडावी लागतात, 'जॅझ क्वार्टेट'सारखी.

वाक्प्रचारांच्या याद्या कुठून आणायच्या? प्रिन्स्टन विद्यापीठाच्या 'वर्डनेट' या शब्दसंग्रहात सुमारे 1 लाख 55 हजार नोंदी आहेत, त्यात बहुशब्दी नोंदी अंडरस्कोरने जोडलेल्या असतात. ते काढून टाका. 'विक्शनरी' या ऑनलाइन शब्दकोशाची सगळी शीर्षकं एकगठ्ठा उतरवून घेता येतात, त्यात म्हणी आणि वाक्प्रचार मुबलक. विकिपीडियाच्या शीर्षकांत तुम्हाला सगळं मिळेल, आणि तीच अडचण आहे: गावं, माणसं, चित्रपट, फुटबॉलच्या हंगामांची नावं. 'न्यूट्रिमॅटिक' नावाचं साधन विकिपीडियाच्या मजकुरावरून चालतं आणि नमुन्यात बसणारे शब्दसमूह संभाव्यतेच्या क्रमाने देतं; कोडी सोडवणारी मंडळी त्यावर फिदा असतात. गूगल बुक्सच्या 'एनग्रॅम' माहितीत पाच शब्दांपर्यंतचे समूह आहेत, निदान 40 वेळा छापले गेलेले. तिथे एक वेगळाच फायदा होतो: कोणता समूह लोक खरोखर वापरतात ते आकड्यांत दिसतं.

कारण वाक्प्रचाराच्या शोधातला खरा शत्रू म्हणजे 'ग्रीन पेंट'. इंग्रजी कोडी रचणाऱ्यांचा हा परवलीचा शब्द आहे. हिरवा रंग ही वस्तू असते, व्याकरण बरोबर असतं, पण ते दोन शब्द मिळून एक 'गोष्ट' होत नाहीत. 'होमवर्क'चा पी भरून काढायला तुम्ही 'होमवर्क पेपर' म्हणाल तर ते ग्रीन पेंट. पाचही अक्षरं आहेत, पण सोडवणारा उत्तर बघून कपाळाला हात लावेल. 'होमवर्क हेल्प' सीमेवर उभं आहे. मी घेणार नाही, तुम्ही घेतलंत तर भांडणारही नाही. 'मोबाइल फोन नेटवर्क' मला चालतं, कारण लोक ते एका दमात म्हणतात.

वाक्प्रचाराचा आणखी एक जोडधंदा आहे, तो म्हणजे जागा पुसल्यावर शिवणीवर उगवणारे शब्द. 'सोप ऑपेरा'मधली जागा काढा, आत चार अक्षरी 'पोप' बसलेला दिसेल. सलग अक्षरांच्या प्रश्नाला कधी कधी एकाही शब्दात उत्तर नसतं, पण दोन शब्दांच्या मध्ये असतं. यादी धुताना जागा काढायला सांगितलं ते यासाठीही.

लांबीच्या मोहाबद्दल एक कबुली देऊन टाकतो. टाइपरायटरच्या वरच्या रांगेतल्या अक्षरांनी बनणारा लांब शब्द मला एका मासिकाच्या कोड्यात हवा होता. 'टाइपरायटर' हाच शब्द त्या रांगेत बसतो, 10 अक्षरं, किती देखणं उत्तर! पण यंत्राने 'रप्चरवर्ट' नावाची एक वनस्पती दाखवली, 11 अक्षरं, आणि मी एका अक्षराच्या हव्यासाने ती घातली. वाचकांची पत्रं आली ती शाबासकीची नव्हती. तेव्हापासून यंत्राने दिलेल्या यादीत मी सर्वांत वरचा शब्द घेत नाही. वरून खाली येत जातो आणि मला स्वतःला माहीत असलेला पहिला शब्द लागला की थांबतो. '-नेसेस'ने संपणारी ओढूनताणून केलेली अनेकवचनं आणि रसायनांची नावं तर वाचतही नाही. 45 अक्षरांचा तो फुप्फुसाच्या रोगाचा प्रसिद्ध शब्दही 1935 साली कोडी सोडवणाऱ्यांच्या संघटनेच्या अध्यक्षाने लांबीसाठीच घडवला होता, रोग्यांसाठी नाही.

तुमच्या खेळाचे नियम अजून पक्के झाले नसतील तर एक सुचवतो. 'कीप अप विथ द जोन्सेस' हा वाक्प्रचार 20 अक्षरांचा आहे. शेजाऱ्याची बरोबरी करायला धावणे, असा त्याचा अर्थ. त्यात के, डब्ल्यू, एच, पी चारही आहेत, फक्त एम नाही. एमच्या जागी जे घ्यायची मुभा असेल, तर घेऊन टाका.